शिक्षिकेची बाळंतपणाची रजा : किती आणि कशी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला-सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेसाठी मला नेमून दिलेला विषय वरवर पाहता कचेरीतील कारकुनाने एका अर्जावर निकालात काढावा असा वाटेल. परंतु कर्जत-खालापूर भागातील आपल्या पुष्कळ घरांतून आज मुली व सुना शिक्षिका म्हणून काम करीत आहेत. कोणी नेरळ-खोपोलीच्या शाळांत आहेत, कोणी सह्याद्रीच्या पायथ्याच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांत जिल्हा परिषदेची शाळा चालवीत आहेत, तर कोणी पहाटेची लोकल गाठून कल्याण-बदलापूरकडे जात आहेत. त्यांपैकी एखादीला दिवस गेले की घरात पहिला आनंदाचा भर ओसरतो आणि मग प्रश्न उभा राहतो : रजा किती घ्यावयाची? सासूबाईंचे एक मत, मुख्याध्यापकांचे दुसरे, माहेरचे तिसरे. आणि जिला ती घ्यावयाची तिचे मत बहुधा सर्वांच्या शेवटी विचारले जाते.

माझे उत्तर मी आरंभीच सांगून टाकते. नियमाने जेवढी रजा मिळते तेवढी सर्व घ्यावी. प्रकृती व रस्ता साथ देतील तितका तिचा अधिक भाग प्रसूतीनंतरच्या काळासाठी राखावा. आणि ती रजा खरोखरीची रजा ठरेल, ही जबाबदारी घराने पत्करावी. या तिन्हींत तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे.

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, ही रजा कोणाची मेहेरबानी नव्हे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा व प्रसूतीनंतर सहा आठवडे विश्रांतीचे तत्त्व मान्य केले. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा आदल्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. मातेला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने तिचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला, तो कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी. १९६१ साली देशव्यापी कायद्याने १२ आठवडे दिले आणि २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ते २६ आठवडे झाले. या तरतुदी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या आहेत. म्हणजे आज आपल्या सुनेच्या हाती जो रजेचा अर्ज आहे, त्याच्या मागे गिरणीत उभ्याने काम करणाऱ्या स्त्रियांचे कष्ट आहेत. ती रजा निम्मी घेऊन उरलेली परत करण्यात औदार्य नाही.

राज्य शासनाच्या सेवेत पूर्वी ही रजा ९० दिवसांची होती. २००९ साली ती १८० दिवसांची झाली. अर्ज करतेवेळी दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असावीत, अशी तिची मुख्य अट आहे. ही रजा इतर रजांच्या खात्यातून वजा होत नाही. दुसऱ्या विवाहानंतर झालेल्या अपत्यासाठी रजा नाकारलेल्या तामिळनाडूतील एका सरकारी शिक्षिकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मातृत्वरजा हा स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचा भाग मानला व तिला रजा देवविली. गर्भपाताचे दुःख ज्या भगिनीच्या वाट्याला येते, तिच्यासाठीही कायद्यात सहा आठवड्यांची रजा आहे. घरात मूल आले नाही म्हणून शरीर बाळंत झाले नाही असे नसते, हे आपण विसरतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. १८० दिवसांची वाटणी कशी करावी?

उदाहरण म्हणून प्रसूतीची अपेक्षित तारीख १६ जुलै धरू. शाळा उघडतानाच, म्हणजे १६ जूनपासून, रजा घेतली तर ती १२ डिसेंबरला संपते, आणि त्या दिवशी मूल पाच महिन्यांचेही पुरते झालेले नसते. तीच रजा २ जुलैपासून घेतली तर २८ डिसेंबरपर्यंत पुरते व मूल साडेपाच महिन्यांच्या घरात येते. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, वरचे काहीही देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तेव्हा प्रसूतीपूर्वी खर्च केलेला प्रत्येक दिवस हा बाळाच्या त्या सहा महिन्यांतून वजा होतो, हा हिशेब प्रत्येक शिक्षिकेने वहीत मांडून पाहावा. जुन्या ९० दिवसांच्या रजेतील उणीवही यावरून कळेल. बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत लसी द्याव्या लागतात. चौदा आठवडे म्हणजे ९८ दिवस. म्हणजे सारी रजा प्रसूतीनंतर घेतली तरी तिसऱ्या वेळच्या लसींआधीच आई वर्गात उभी असे.

परंतु हा हिशेब कागदावरचा झाला. त्यात आपला मुलूख धरला पाहिजे. जुलै महिन्यात कर्जत-खालापूरचा पाऊस कसा असतो, हे मी आपणांस सांगावयास नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर जे संकट कोसळले, त्याने या डोंगरउतारांचा पावसाळा साऱ्या देशाला कळला. ज्या भगिनीची शाळा डांबरी रस्त्यावर, घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिने डॉक्टरांच्या संमतीने प्रसूतीच्या दोन-तीन आठवडे आधीपर्यंत काम केले तर हरकत नाही. पण जिला निसरड्या पायवाटेने वाडीवर चढावे लागते, ओढा ओलांडावा लागतो, किंवा खोपोलीची एक गाडी चुकल्यास फलाटावर दीर्घकाळ तिष्ठावे लागते, तिने चार ते सहा आठवडे आधी घरी बसावे आणि त्याबद्दल यत्किंचितही संकोच बाळगू नये. रक्तदाब, पंडुरोग अथवा जुळी मुले असतील तर तारीख डॉक्टरांनी ठरवावयाची. तेथे शेजारणीचा अनुभव कामाचा नाही.

आधी गेलेले दिवस भरून काढण्याचा मार्गही आहे. राज्य शासनाने २०१८ साली बालसंगोपन रजा सुरू केली. अपत्य १८ वर्षांचे होईपर्यंत एकूण १८० दिवसांची ही रजा मंजुरीने मिळू शकते. तिच्यातील तीन-चार आठवडे प्रसूतिरजेला जोडून बाळाचे सहा महिने पुरे करावेत. मात्र सगळी शिल्लक पहिल्याच वर्षी खर्चू नये. पुढे गोवर-कांजिण्या आहेत, मोडलेला हात आहे, दहावीचे वर्ष आहे. उन्हाळी अथवा दिवाळीच्या सुट्टीशी रजेची सांगड कशी बसेल, हे आधीच कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आता एका खऱ्या शंकेचा विचार केला पाहिजे, कारण ती आपल्या चांगल्या शिक्षिकांच्याच मनात येते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. त्यांतील एक रजेवर गेली की चार इयत्ता एकाच्या अंगावर पडतात. वाडीवरच्या ज्या मुलांना शाळेखेरीज दुसरा आधार नाही, त्यांचे सहा महिने वाया जातील, मग आपण तीन महिन्यांतच परत का जाऊ नये? हा विचार स्वार्थी नाही, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. ते असे की, पर्यायी शिक्षक देणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. ते शिक्षिकेने स्वतःच्या दुधाची किंमत मोजून पार पाडावयाचे नाही. अपुऱ्या झोपेची, अर्धे मन पाळण्याशी ठेवलेली बाई वर्गाला तरी काय देणार? शिक्षिकेचे कर्तव्य वेगळे आहे. तिने पाचव्या-सहाव्या महिन्यातच केंद्रप्रमुखांना व मुख्याध्यापकांना लेखी कळवावे, म्हणजे व्यवस्था करण्यास अवधी मिळेल. शिवाय एक वही तयार करावी : कोण सलग वाचतो, कोण जोडाक्षरापाशी अडतो, कोणाची वजाबाकी हातच्याला चुकते, आणि कोणते मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते. ही वही मागे ठेवून जाणारी शिक्षिका आपल्या वर्गाशी प्रामाणिकच राहिली, असे मी म्हणेन.

आता घराकडे वळते, आणि येथे थोडे कठोर बोलणे भाग आहे. आपल्या पूर्वजांनी सव्वा महिन्याची बाळंतिणीची विश्रांती ठरविली आणि कायद्यानेही प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई केली. दोन्ही मुदती जवळजवळ सारख्याच आहेत, हा योगायोग नव्हे. शरीराचा अनुभवच तो. शेक-शेगडी, बाळंतशेपा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हे सर्व आपण कौतुकाने करतो. परंतु सव्वा महिना सरला, सून माहेरून परतली की सूर बदलतो. “घरीच आहेस ना, मग एवढे करशील!” या एका वाक्याने किती रजा गिळल्या असतील! जुलैत बाळंत झालेल्या सुनेच्या घरी भाद्रपदात गौरी-गणपती येतात. दोन महिन्यांचे मूल मांडीवर आणि पंचवीस पानांचा स्वयंपाक डोक्यावर, अशी तिची रजा! शाळेत निदान मधली सुट्टी तरी होते. रजा शासन देते, पण विश्रांती घरच देऊ शकते.

आपल्या वधूवर-सूचीत “शिक्षिका असल्यास प्राधान्य” असे शब्द आपण निःसंकोच लिहितो. पगार चालतो, तर पगाराबरोबर येणारी शिक्षिकेची पहाट, तिचे पेपर आणि तिची रजा हेही चालले पाहिजे. काही घरांतून उलट टोक गाठले जाते : मूल झाले, आता नोकरीच सोड. सहा महिन्यांच्या अडचणीसाठी तीस वर्षांची सेवा, ज्येष्ठता आणि म्हातारपणचा आधार यांवर पाणी सोडण्यास सांगणे हे मुलाच्या हिताचेही नाही.

पित्यानेही बाजूला उभे राहून चालणार नाही. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्यास १५ दिवसांची रजा मिळते. ज्यांना ती नाही त्यांनी आपल्या रजेतून काही दिवस काढावेत. पहाटेच्या गाडीने मुंबईस जाणाऱ्या गृहस्थास दिवसा हातभार लावणे शक्य नसेल, पण रात्री एकदा उठून बाळाचे दुपटे बदलण्यास कोणत्याही गाडीचे वेळापत्रक आड येत नाही.

रजा संपल्यानंतरचे काय, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. रुजू होण्याच्या महिनाभर आधीपासून बाळाला सांभाळणाऱ्या व्यक्तीची सवय करावी, दूध काढून ठेवण्याची पद्धत परिचारिकेकडून शिकून घ्यावी. कै. ताराबाई मोडक व कै. अनुताई वाघ यांनी बोर्डीला व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कार्य केले, तेव्हा बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना पाळणाघराची जोड दिली. धाकटे भावंड सांभाळण्यासाठी मोठी मुलगी घरी राहते, हे त्यांनी पाहिले होते. लहानग्याची सोय केल्यावाचून मोठ्याचे शिक्षण होत नाही, हा त्यांचा धडा शिक्षिकेच्या स्वतःच्या मुलालाही लागू आहे.

विनाअनुदानित शाळांतील भगिनींना मी विशेष सांगते की, नेमणूकपत्र नीट वाचा. जेथे प्रसूतिलाभाचा कायदा लागू आहे, तेथे आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीस तो हक्क मिळतो, आणि या रजेच्या काळात रजेच्या कारणाने कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. अर्ज लेखी द्यावा व पोचपावती घ्यावी.

शेवटी मंडळाला तीन विनंत्या. पहिली, ज्ञातीतील सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी रजेवरील शिक्षिकेच्या शाळेत, तेथील मुख्याध्यापकांच्या अनुमतीने, आठवड्यातून एक-दोन दिवस शिकविण्यास जावे. दुसरी, कर्जत स्थानकाच्या परिसरात मंडळाने लहानसे का होईना पाळणाघर चालवावे. हळदीकुंकवाच्या समारंभांवरील खर्चातून थोडे वाचविले तर आरंभ करता येईल. तिसरी, वधूवर-मेळाव्यात नोकरीची चौकशी करतानाच बाळंतपणात घर काय करणार, हेही विचारण्याची प्रथा पाडावी.

याच लोहमार्गावरच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले, आणि त्या दुःखातून त्यांनी वैद्यकविद्येची वाट धरली. आज आपल्या हाताशी रुग्णालये आहेत, लसी आहेत, कायदा आहे. उणे आहे ते घरच्या माणसांच्या समंजसपणाचे, आणि त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.