न पाठवलेलं पोस्टकार्ड

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘मला घडवणारी व्यक्ती’. वेळ दिला पंधरा मिनिटं. शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत दुसऱ्याच मिनिटाला रडून खाली उतरले होते, हे इथल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. तेव्हा आज पंधरा मिनिटं उभी राहिले तर तेच माझं बक्षीस समजा.

मी बोलणार आहे डॉ. जयंत नारळीकरांबद्दल. यंदाच्या २० मे रोजी पुण्यात ते गेले. बातमी ऑफिसात फोनवर आली तेव्हा मी एका मीटिंगमध्ये होते. मीटिंग संपली, मी जागेवर आले आणि मला एकदम आपल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही समोरच बसलाय, म्हणून जरा जपून बोलते.

नववीच्या शेवटी की दहावीच्या सुरुवातीला, एका तासाला बाईंनी सांगितलं होतं की नारळीकर मुलांच्या वहीवर नुसती सही देत नाहीत. ते म्हणतात, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. म्हणजे सही हवी तर आधी विचार करायला हवा. बाईंनी फर्मान काढलं, सोमवारी प्रत्येकानं एक कार्ड आणायचं. तेव्हा कार्ड पंधरा पैशांना मिळायचं. वर्गाचा पट ६२. त्या शनिवारी आपल्या पोस्टातली कार्डं संपली होती म्हणे.

तोवर मला नारळीकर माहीत होते ते ‘यक्षांची देणगी’मुळे. ग्रंथालयाच्या कपाटातली ती प्रत मी तीनदा नेली होती. तेव्हा मला ते फक्त गोष्टी लिहिणारे वाटायचे. पुढे हळूहळू कळत गेलं की हा माणूस किती मोठा आहे.

जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या विदुषी. शिक्षण बनारसला, मग १९५७मध्ये केंब्रिज. तिथं फ्रेड हॉएल यांच्या हाताखाली पीएच.डी. १९६४मध्ये गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि त्याची जगभर चर्चा झाली. पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण. सव्विसाव्या वर्षी मी काय करत होते? पुण्यात दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधत होते.

१९७२मध्ये केंब्रिज सोडून ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९८८मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली आणि ते तिचे पहिले संचालक झाले. इतक्या कामाच्या माणसानं शाळकरी मुलांसाठी वेळ काढायचं काही कारण नव्हतं. पण आयुकात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली. तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींमधला एक तारा, आणि त्यातच ‘पुलं’ही आले.

त्यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट १९७४ची आहे. मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली, पण स्वतःच्या नावानं पाठवली नाही. नाव घातलं नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही अक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. परीक्षकांनी पद्मभूषण बघून नंबर देऊ नये, कथा बघून द्यावा, एवढाच हेतू. नंबर पहिलाच आला. आमच्या धंद्यात कोड तपासताना लिहिणाऱ्याचं नाव झाकायचं असं सगळे म्हणतात, करत कोणीच नाही.

आता पोस्टकार्डाकडे येते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

तुमच्यापैकी जे आमच्या घरी यायचे त्यांना माझी ताई आठवत असेल. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. बी.एस्सी. झाली होती, बी.एड.ला प्रवेश मिळत होता. पण ‘आता लग्न ठरेलच, मध्येच कशाला’ म्हणून तो प्रवेश सोडला. दहावीच्या त्या वर्षात ताईची तीन स्थळं आली. तिन्ही ठिकाणी मुलगी पसंत. आणि तिन्ही ठिकाणी पत्रिका गेल्यावर निरोप यायचा, मुलीला कडक मंगळ आहे. तिसऱ्या निरोपाच्या रात्री आई देवापुढे बसून राहिली. ताई स्वयंपाकघरात भांडी घासत होती, घासून झालेलीच पुन्हा घासत होती.

त्या रविवारी मी कार्डावर प्रश्न लिहिला. भूगोलाच्या पुस्तकातून आकडे काढले होते. ‘मंगळ आपल्यापासून जवळात जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटर लांब असतो. मग तो माझ्या ताईचं लग्न कसं अडवतो?’

प्रश्न लिहून झाला आणि मला भीती वाटली. पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचणार, बाई वाचणार, गाव वाचणार. घरातली गोष्ट अशी उघड्यावर? सोमवारी मी ते कार्ड कंपासपेटीच्या तळाशी, कागदाखाली सरकवलं आणि बाईंना सांगितलं, विसरले. बाईंनी तासभर उभं केलं. ज्यांना पुण्याहून उत्तरं आली त्यांनी ती महिनाभर मिरवली. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

ताईसाठी पुढे कुंभविवाह केला. घटाबरोबर लग्न. माझे बाबा बँकेत, हिशोबाचे पक्के, या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. पण म्हणाले, आईचं समाधान होऊ दे. त्यानंतरही काही जमलं नाही. मी बारावी झाले, इंजिनिअर झाले, नोकरीला लागले, ताई घरीच.

आता जे सांगते ते सांगायला मला खरंच जड जातंय. २००५मध्ये माझं स्थळ आलं. त्यांच्याकडून पत्रिका मागितली. आमच्याकडून गेली. ३६पैकी २४ गुण जुळले, मंगळ नाही. घरात किती आनंद झाला! मी इंजिनिअर. मी अकरा वर्षांपूर्वी तो प्रश्न लिहिलेली मुलगी. मी एक शब्द बोलले नाही. कारण या वेळी पत्रिका माझ्या बाजूची होती. पाहुण्यांना पोहे ताईनंच दिले. मोठी बिनलग्नाची असताना धाकटीचं लग्न झालं, आणि तिनं मांडवात सगळ्यांपेक्षा जास्त धावपळ केली.

पुढे २००९मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात नारळीकरांचा एक लेख आला. त्यांनी, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांसह इतरांनी मिळून एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन २०० पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना आवाहन केलं. प्रत्येकाला त्यातल्या ४० पत्रिका दिल्या. प्रश्न एकच, पत्रिका बघून सांगा, हे मूल हुशार की मतिमंद? नाणं उडवून सांगितलं तरी सरासरी २० बरोबर येणार. म्हणून कितीच्या पुढे गेलं तर ते नुसतं नशीब म्हणता येणार नाही, याचा हिशोब संख्याशास्त्रानं मांडलेला होता. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सगळ्यांत चांगला निकाल ४०पैकी २४. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली.

मी तो लेख ऑफिसात बसून वाचला आणि मला त्यातली पद्धत बघून गप्प व्हायला झालं. टेस्टिंगमध्ये आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी हेच शिकवतो. निकाल काय यायला हवा ते आधी लिहून ठेवा, मग प्रोग्रॅम चालवा. आधी चालवलात तर जे येईल ते बरोबरच वाटतं. नारळीकरांनी ज्योतिषांची टिंगल केली नाही. त्यांना दार उघडून दिलं, म्हणाले, दाखवा.

मग मी एक साधं गणित केलं, जे दहावीतही करता आलं असतं. कुंडलीत घरं १२. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरात मंगळ असला की माणूस मंगळाचा. म्हणजे १२पैकी ५. दिवसभरात मंगळ या सगळ्या घरांतून फिरतो. म्हणजे शंभरातली सुमारे ४२ माणसं मंगळाची. आपल्या ६२ जणांच्या वर्गात साधारण २६. बघा आजूबाजूला! यांतल्या २६ जणांच्या जोडीदारांवर संकट यायला हवं होतं. जेवणाच्या रांगेत सगळे जोडीदार धडधाकट दिसले मला.

तो लेख मी ताईला वाचून दाखवला. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, “हे तेव्हा छापून आलं असतं तर आईनं ऐकलं असतं का गं?”

मी खूप विचार केला. खरं उत्तर, नाही. आईनं ऐकलं नसतं. आणि २००५मध्ये तर मला सगळं कळत होतं, तरी मी बोलले नाही. हे नारळीकरांनाही माहीत असणार. आकडे एकट्यानं घर बदलत नाहीत. तरी त्यांनी सत्तरीत ती चाचणी घेतली. त्याआधी २००१मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरलं तेव्हाही ते विरोधात उभे राहिले होते. त्यांचे सहकारी दाभोलकर यांचा २०१३मध्ये पुण्यात खून झाला. या रस्त्यावर चालणं किती महाग पडू शकतं हे त्यांनी जवळून पाहिलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर भाषण आरतीसारखं होईल. विश्व महास्फोटातून निर्माण झालं, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. नारळीकर शेवटपर्यंत मानत नव्हते. हॉएल यांच्यासोबत त्यांनी वेगळी कल्पना मांडली, १९९३मध्ये ती सुधारून पुन्हा मांडली. बहुसंख्यांनी ती स्वीकारली नाही, कारण निरीक्षणं महास्फोटाकडे झुकतात. मला यात त्यांची उणीव दिसत नाही. प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक वेळी बरोबर असतो असं नाही. पण अल्पमतात राहायचं तर गणित मांडून राहायचं, रुसून नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

ताईचं पुढे काय झालं, हे तुम्हाला विचारायचं असेल. तिशी उलटल्यावर तिनं स्वतःच आईला सांगितलं की आता माझी पत्रिका कुठेही द्यायची नाही. बी.एड. केलं. गेली अनेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. मंगळामुळे झालं नाही, असं ती म्हणू देत नाही. म्हणते, “मंगळानं काही केलं नाही. माणसांनी केलं.” त्या माणसांत मी आहे. मागच्या दिवाळीत मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “पोहे चांगले झाले होते ना?” आणि विषय बदलला.

बाबा गेल्यावर गावचं घर आवरताना माझी कंपासपेटी सापडली. गंजून घट्ट बसली होती, स्क्रूड्रायव्हरनं उघडली. कार्ड तळाशी होतं. ते मी आज आणलंय. बाई, गृहपाठ तीस वर्षं उशिरा देते आहे. तासभर उभं करायचं असेल तर तयार आहे, उभीच आहे.

शेवटी एक विनंती. आपण शाळेला देणगी गोळा करतोय, पाण्याची टाकी, प्रोजेक्टर, सगळं होईल. त्यातून थोडी पोस्टकार्डंही घेऊया. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला वर्षाला एक. त्यावर प्रश्न लिहायचा, कुठलाही. आपल्यात डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, वकील आहेत, एसटीतले आहेत, माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले आहेत. वाटून घेऊ, हातानं उत्तर लिहू. उत्तर माहीत नसेल तर तसं लिहू आणि शोधून पुन्हा लिहू. फक्त एक बदल करूया. कार्ड पाकिटात घालून पाठवायची सोय ठेवूया. काही प्रश्न उघड्यावर लिहायला पोरींना धीर होत नाही, हे मला माहीत आहे.

पहिल्या वर्षाचा खर्च माझ्याकडे. उत्तरं लिहायला ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणानंतर बाईंकडे नाव द्या. ताईचं नाव मी तिला न विचारताच घातलंय.