प्रश्नाची परतवाट

मीं जन्मभर शाळेंत शिकविलें. मुलानें हात वर केल्यावांचून धडा पुरा झाला, असें मला कधीं वाटलें नाहीं. शेतीच्या शिक्षणाचेंहि तसेंच आहे.

१९५६ सालीं पुणें आकाशवाणीच्या प्रयोगांत पांच जिल्ह्यांतील १५० गांवीं श्रोतृमंडळें स्थापन झालीं. शेतकरी कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. उत्तरें पुढील कार्यक्रमांत मिळत.

आमच्या वऱ्हाडांत १९६९ सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ झालें. २००४ पासून किसान कॉल सेंटर दूरध्वनीवरून सल्ला देऊं लागलें. साधनें वाढलीं, तथापि २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

डब्यावरील सूचना बारीक अक्षरांत असते. पाठीवर पंप घेतलेल्या मजुरास ती कोण वाचून दाखविणार? वारा कोणत्या दिशेचा, तोंडास काय बांधावें, हें त्यानें कोणास विचारावें?

विद्यापीठाचा आवाज बांधापर्यंत जातो, हें चांगलेंच. परंतु त्या मजुराचा प्रश्न विद्यापीठांत ऐकूं येईल, तेव्हांच तार खरोखर जोडली गेली, असें हा जुना मास्तर म्हणेल.