गुणांचं भाषांतर करू नका

ऑक्टोबर उजाडला की आमच्या शाळेत एक दृश्य हमखास दिसतं. कुणाचे तरी वडील हातात कागद घेऊन येतात. कागदावर मुलीचे गुण, शेजारी भागाकार आणि खाली दोन रेघा मारून अधोरेखित केलेला एक आकडा. "मॅडम, पंचेचाळीसपैकी छत्तीस म्हणजे ऐंशी टक्के. ऐंशीला पंचवीसनं भागलं, तर तीन पूर्णांक दोन. एवढ्या जीपीएवर अमेरिकेत हिला कोण घेणार?" मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते.

मी मूळची गणिताची शिक्षिका. आमच्या आंतरराष्ट्रीय शाळेतून परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांचे अर्ज बघण्याचं कामही माझ्याकडे आहे. वडिलांच्या भागाकारात चूक नसते. चूक आहे ती इथं भागाकार करण्यात. हे वेळेवर कळलं नाही, तर चांगली मुलं आपल्या योग्यतेच्या कॉलेजात अर्जच करत नाहीत. म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

आधी ही मापं समजून घेऊ. आयबी डिप्लोमा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, या अभ्यासक्रमात सहा विषय असतात. प्रत्येक विषयाला १ ते ७ अशी श्रेणी मिळते. सहा सत्ते बेचाळीस, आणि निबंध व 'थिअरी ऑफ नॉलेज' मिळून जास्तीत जास्त ३, असे एकूण ४५. केंब्रिजच्या ए लेव्हलला ए-स्टार ते ई अशा श्रेणी असतात, तर आयजीसीएसईला ए-स्टार ते जी. अमेरिकेतल्या शाळांत ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, असे आकडे धरून सरासरी काढतात. तीच जीपीए.

आता त्या वडिलांच्या छत्तिसाकडे पाहू. सहाही विषयांत ६ मिळाले की ३६ होतात. आयबीच्या परिभाषेत ६ म्हणजे 'खूप चांगलं'. जगभरातल्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांची सरासरी तिशीच्या आसपास असते. पूर्ण ४५ गुण नेहमीच्या वर्षी शंभरातल्या एकालाही मिळत नाहीत. म्हणजे सगळ्या विषयांत 'खूप चांगली' असलेली मुलगी भागाकारानं 'बी' दर्जाची ठरली. विषयात ५ मिळाले, तर सातापैकी पाच म्हणजे ७१ टक्के, म्हणजे अमेरिकेतला 'सी'. प्रत्यक्षात ५ म्हणजे 'चांगलं'. शिवाय १ ते ७ या श्रेणी म्हणजे टक्के नव्हेतच. कोणत्या गुणाला कोणती श्रेणी, हे प्रत्येक परीक्षेनंतर त्या प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी पाहून ठरतं. बऱ्याच विषयांत शंभरात सत्तर-ऐंशीच्या आसपास गुण मिळवणाऱ्यालाही ७ मिळतात.

मुलांना हे सांगताना मी तापमापकाचं उदाहरण घेते. सेल्सिअसचं फॅरनहाइट करता येतं, कारण दोन ठिकाणं पक्की आहेत. बर्फ वितळतो ते शून्य म्हणजे बत्तीस, पाणी उकळतं ते शंभर म्हणजे दोनशे बारा. गुणांमध्ये अशी पक्की ठिकाणं कुठं आहेत? आपल्या राज्य मंडळात ३५ ला पास आणि ७५ ला विशेष प्रावीण्य. अमेरिकेतल्या कितीतरी शाळांत ६० च्या खाली नापास आणि ए मिळवायला ९० च्या वर जावं लागतं. तिथली ऐंशी आणि इथली ऐंशी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जुन्या काळी मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा होता आणि बंगालचा सुमारे ८२ पौंडांचा. नाव तेच, पण माल तिप्पट. गुणांचं तर त्याहून अवघड, कारण मणाला निदान वजनाचा काटा होता.

आपल्याकडे हे सगळं अनुभवून झालेलं आहे. एसएससी आणि आयसीएसई या मंडळांचे गुण एका पातळीवर आणण्यासाठी २००८ साली राज्य सरकारनं अकरावी प्रवेशाला पर्सेंटाइलचं सूत्र लावलं. २००९ साली नव्वद टक्के जागा एसएससीच्या मुलांसाठी ठेवण्याचा निर्णय झाला. मुंबई उच्च न्यायालयात दोन्ही टिकले नाहीत. एकाच शहरातल्या दोन मंडळांची मोट बांधताना ही दमछाक झाली. तिथं दोन देशांतली गाठ घरच्या कॅल्क्युलेटरवर कशी सुटणार?

मग अमेरिकी कॉलेजं काय करतात? ती तुमच्याकडून भाषांतर मागतच नाहीत. १९७५ साली पंधरा कॉलेजांनी मिळून 'कॉमन ॲप' हा सामाईक अर्ज सुरू केला. आज हजाराहून अधिक कॉलेजं तो घेतात. त्यात जीपीएचा रकाना आहे, पण शाळा जीपीए देत नसेल तर तो मोकळा सोडता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जातही परदेशी शाळेतल्या विद्यार्थ्यानं गुण आपल्या गुणपत्रकावर असतील तसेच लिहायचे असतात. अमेरिकेतसुद्धा जीपीए एकसारखी नाही. कुठं चारपैकी, कुठं अवघड विषयांना जास्त वजन देऊन पाचपैकी, कुठं शंभरपैकी. म्हणून बरीच कॉलेजं स्वतःच्या देशातल्या मुलांची जीपीएसुद्धा आपल्या पद्धतीनं पुन्हा काढून बघतात.

परदेशी गुणपत्रक वाचताना त्यांना आधार असतो तो 'स्कूल प्रोफाइल'चा. शाळेनं अर्जाबरोबर पाठवायची ही एक-दोन पानांची पत्रिका. शाळा कोणता अभ्यासक्रम शिकवते, वर्गात किती मुलं, श्रेणी कशा देतात, गेल्या वर्षी किती जणांना किती मिळाले, हे सगळं त्यात असतं. वर्गात कुणालाच ७ मिळाले नसतील, तर त्या वर्गातल्या ६ ची किंमत वाचणाऱ्याला आपोआप कळते. भागाकारानं नेमकी हीच माहिती पुसली जाते.

हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं असं नाही. काही वर्षांपूर्वी एका वडिलांच्या आग्रहाखातर मी त्यांच्या मुलाच्या गुणपत्रकावर मूळ श्रेणींऐवजी जीपीए टाकली. आकडा एका तयार कोष्टकावरून घेतला होता. गणिताची बाई असून मी त्या कोष्टकाला आधार काय, हे विचारलं नाही. जानेवारीत एका कॉलेजचं पत्र आलं. हा आकडा कसा काढला? मूळ श्रेणी कृपया पाठवा. आम्ही धावपळ करून पाठवल्या, पण त्यात तीन आठवडे गेले. त्या मुलाला तिथं प्रवेश मिळाला नाही. त्याच कारणानं मिळाला नाही, असं मी म्हणणार नाही. तिथं फार थोड्यांना प्रवेश मिळतो. पण त्याची फाइल अर्धवट राहिली ती माझ्यामुळे, ही टोचणी गेलेली नाही. मुलगा दुसऱ्या चांगल्या कॉलेजातून शिकला, दिवाळीला आवर्जून भेटायला येतो. त्यानं कधी हा विषय काढला नाही. त्यानंतर मी एकाही गुणपत्रकावर बदललेला आकडा लिहिलेला नाही.

पालकांनी लक्षात ठेवावं असं थोडं सांगते. पहिलं म्हणजे, शाळा स्वतः अधिकृतपणे जीपीए देत असेल तर ती जशीच्या तशी लिहा. देत नसेल तर आपण तयार करू नका. दुसरं, अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. "नववीला कोण विचारतंय" हा आपला समज तिथं चालत नाही. कॉलेजं चारही वर्षांची गुणपत्रकं मागतात, म्हणून नववीची गुणपत्रकं जपून ठेवा. वाटेत शाळा बदलली असेल तर जुन्या शाळेचीही. त्या शाळेत टक्के असतील तर टक्केच राहू द्या. एका अर्जात दोन पद्धती आल्या म्हणून काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट अपेक्षित गुणांची. अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, कॉलेजांचे निर्णय बहुतेक मार्चअखेरपर्यंत येतात, आणि आयबीच्या मे महिन्यातल्या परीक्षेचा निकाल लागतो जुलैत. केंब्रिजच्या मे-जूनच्या परीक्षेचा तर ऑगस्टमध्ये. म्हणजे निर्णय होतो तो शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणींवर. ते वाढवून द्या म्हणून शिक्षकांच्या मागं लागू नका. अंतिम निकाल कॉलेजला पाठवावा लागतो आणि फार मोठी घसरण दिसली तर दिलेला प्रवेश काढून घेण्याचा अधिकार कॉलेजला असतो. शिवाय सगळ्यांनाच वाढवून देणाऱ्या शाळेच्या शब्दाला पुढच्या वर्षी किंमत राहत नाही. त्याचा फटका बसतो तो मागून येणाऱ्या मुलांना.

चौथी गोष्ट पैशांची. परदेशी गुणांचं मूल्यमापन करून देणाऱ्या संस्था अमेरिकेत आहेत. न्यूयॉर्कची 'वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस' १९७४ पासून हे काम करते. आपल्या पदवीधर मुलांना एमएससाठी अर्ज करताना काही विद्यापीठं असा अहवाल मागतात. बारावीनंतर जाणाऱ्यांकडे तो सरसकट मागत नाहीत. कॉलेजच्या सूचनेत लिहिलं असेल तरच, आणि त्यांनी सांगितलेल्या संस्थेकडूनच तो घ्या. कुणी एजंट सांगतो म्हणून डॉलर भरू नका.

आणि एक आनंदाची गोष्ट. आयबीच्या हायर लेव्हलला ५, ६ किंवा ७ मिळाले, किंवा ए लेव्हलला चांगली श्रेणी आली, तर कितीतरी कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात. काही मुलांचं त्यामुळे एखादं सत्र वाचतं, म्हणजे तेवढी फीही वाचते. ही सवलत मिळते ती मूळ श्रेणीवर. आपण काढलेल्या जीपीएवर नाही.

त्या दिवशी मी त्या वडिलांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी दोन महिने हिला उगाच बोलत होतो." मुलीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. तिनं अर्ज केले, ३६ हा आकडा ३६ असाच लिहून. प्रवेश कुठं मिळेल हे माझ्या हाती नाही, तिच्याही नाही. पण तिनं मिळवलेले गुण तिच्याच नावावर, जसे आहेत तसे पोचले पाहिजेत, एवढं आपल्या हातात नक्कीच आहे.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)