अप्पांचा ओल्ड स्पाइस
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमधली, एआयवर बोल." त्यावर मी रोजच बोलते आणि तुम्हीही मोबाइलवर रोजच ऐकता. आज मला वासाबद्दल बोलायचंय. सकाळपासून चार-पाच जणींनी विचारलं, "हा कसला वास ग, ओळखीचा वाटतोय!" आपल्या एका वर्गमित्राने तर बरोबर ओळखलं आणि जरा बिचकतच म्हणाला, "पण हा जेन्ट्सचा ना?"

हो. हा ओल्ड स्पाइस आफ्टर शेव्ह आहे. पांढऱ्या काचेच्या, जहाजाचं चित्र असलेल्या जुन्या बाटलीतला. माझ्या अप्पांचा.

अप्पा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असतील. अडत दुकानात दिवाणजी होते. तुरीच्या हंगामात घरी आले की अंगाला बारदानाचा आणि तुरीच्या धुळीचा वास असायचा. ओल्ड स्पाइस निघायचा तो फक्त लग्नकार्याला, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाताना आणि आमच्या निकालाच्या दिवशी. तळहातावर मोजून तीन थेंब. कुणीतरी मुंबईहून आणलेली बाटली वर्षानुवर्षं पुरायची. दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागायची, लाटेवर घसरत जाणारा तो माणूस आणि मागे दणदणीत समूहगान. आपल्या गावात समुद्र कुणी पाहिला होता? पण ते गाणं तोंडाने वाजवत आपण सगळ्यांनी बाकांवरून उड्या मारल्यात. ते कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराचं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

अप्पा जाऊन सहा वर्षं झाली. आईने त्यांचे कपडे वाटून टाकले, चष्मा ठेवून घेतला आणि बाटली मला दिली. म्हणाली, "जावईबापूंना होईल." जावईबापूंना कुठल्याही सेंटने शिंका येतात. म्हणून मग मीच लावायला लागले.

ऑफिसात एका सहकाऱ्याने विचारलं, "आज चुकून मिस्टरांचा परफ्यूम मारून आलात का?" मी म्हटलं, "चुकून नाही." पण प्रश्न डोक्यात राहिला. वास पुरुषाचा किंवा बाईचा ठरवतं कोण? इंजिनियरची खोड, शोधत बसले.

तर ऐका. अमेरिकेतल्या शुल्टन कंपनीने 1937 साली ओल्ड स्पाइस या नावाने पहिला सुगंध काढला, तो बायकांसाठी. पुरुषांचा आला दुसऱ्या वर्षी, 1938 मध्ये. म्हणजे त्या नावावर पहिला हक्क आपलाच आहे, मैत्रिणींनो! बाटलीवरचं जहाज हे जुन्या काळच्या अमेरिकन व्यापारी जहाजांवरून घेतलेलं. 'स्पाइस' म्हणजे मसाला, आणि आत आहेही तेच: लवंग, दालचिनी, जायफळ आणि शेवटी व्हॅनिलाचा गोडवा. लवंगेचा वास ज्यामुळे येतो ते युजेनॉल दातांच्या डॉक्टरांकडेही भेटतं. जगाने ज्याला मर्दानी म्हटलं, तो वास आपल्याकडे आयांच्या मसाल्याच्या डब्यात होता.

आपल्याकडे अत्तराला बाई-बुवा नव्हतंच. लग्नात अत्तर लावणारा मुलगा मनगट पुढे आलं की फाया फिरवतो, मनगट कुणाचं ते बघत नाही. आणि या विद्येत आपला मुलूख मागासलेला नव्हता. कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, इथून फार लांब नाही. तिथल्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाने अंगाला कोणती उटी लावावी, धूप कसा घ्यावा, याची वेगळी प्रकरणं आहेत. त्याच्याही सहाशे वर्षं आधी वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचं गणित मांडलं: सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर 1820 मिश्रणं होतात. सर, मी पडताळून पाहिलं, उत्तर बरोबर आहे. मार्क द्यायला हरकत नाही.

आता लावल्यावर काय होतं ते सांगते. पहिली पाच मिनिटं नुसती चुणचुण आणि स्पिरिट. त्या मागोमाग यायला हवा तो संत्र्यासारखा ताजा वास माझ्या बाटलीत जवळपास उरलेला नाही. लिंबूवर्गीय तेलं हवेने सगळ्यांत आधी खराब होतात. लवंग-दालचिनी टिकून आहेत, पांढऱ्या काचेने उजेड अडवला त्याचाही उपयोग झाला असेल. मग तासाभराने तिखटपणा बसतो आणि जुन्या लाकडी कपाटासारखा, पावडरीसारखा एक मऊ वास राहतो. आफ्टर शेव्ह मुळात पातळ, त्यामुळे दोन-तीन तासांत संपतो. तेवढ्या वेळात एखादी मीटिंग होते.

दुकानात नवीन बाटली मिळते, तीही मी आणून पाहिली. 1990 मध्ये हा ब्रँड दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे गेला. माझ्या नाकाला तरी नवा वास भाऊबंद वाटतो, अप्पा नाही. म्हणजे जे आहे ते या बाटलीत आहे, आणि बाटलीत आता दोन बोटं उरलंय.

मुलगी म्हणते, "आई, लावू नकोस, जपून ठेव." सुरुवातीला मीही नुसतं बूच उघडून हुंगायची. पण बाटलीला हुंगलं तर फक्त लवंग आणि स्पिरिट येतं. अंगावर तासभर राहिला, थोडा घाम मिसळला, की अप्पा येतात. नुसत्या बाटलीत ते नाहीत. शिवाय न वापरताही तो बदलतोच आहे, उडतोच आहे. संगणकातल्या प्रत्येक फाइलची मी दुसरी प्रत ठेवते. याची ठेवता येत नाही. म्हणून मी ठरवलंय, लावून संपवायचा.

आईला सुरुवातीला हे पटलं नव्हतं. "बाईमाणसाने हा वास लावून हिंडायचं?" असं कानडीतून चांगलं सुनावलं होतं. आता मी दुधनीला आले की ती दारातच माझा हात हातात घेते आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ सोडत नाही. आम्ही दोघी त्यावर काही बोलत नाही. कानडीतही सुवासाला परिमळच म्हणतात आणि मराठीतही. आमच्या घरात तेवढा एक शब्द पुरतो.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे वडील आता नाहीत. कुणाच्या घरी तंबाखूची चंची असेल, कुणाकडे हिन्याची कुपी, कुणाकडे नुसता मफलर. ते कपाटात कोंडून ठेवू नका, एवढंच सांगायचं होतं. अंगाला लावा, गळ्यात घाला, मुलांना हुंगायला द्या.

बाटली मी आज बरोबर आणली आहे. चहाच्या टेबलाशेजारी ताटलीत कापसाचे छोटे फाये करून ठेवलेत, प्रत्येकावर एक थेंब. आधी सर आणि बाई, मग बाकीचे. मनगट पुढे करा, बाई-बुवा कुणी बघणार नाही. अप्पा आपल्या निकालाला हाच वास लावून या शाळेत यायचे. आज तो इथेच थोडा संपला तर मला आनंद आहे.