नव्या भिंतीला रंग कधी?



पाथर्डी फाट्याला जा, म्हसरूळला जा, नाहीतर गंगापूर रोडनं थोडं पुढे जा. परांच्या बांधलेली इमारत दिसणार नाही असा रस्ताच नाशकात उरलेला नाही. बांधकाम संपत आलं की घरात एकच घाई सुरू होते. दसऱ्याला नाहीतर अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत, आणि त्याआधी रंग. गवंडी अजून थापी धुतो आहे, तोवर रंगारी डबे घेऊन दारात हजर! नव्या भिंतीवरचा रंग बिघडला की आपण कंपनीला नाव ठेवतो. माझ्या मते बहुतेक वेळा चूक डब्याची नसते, तारखेची असते.

आतल्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा साधारण 12 मिलिमीटर जाडीचा, बाहेरचा दोन थरांत मिळून 20. त्यावर निदान 7 दिवस पाणी मारायचं. सिमेंट वाळल्यामुळे घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी मारायची टाळाटाळ झाली तर गिलावा भुसभुशीत राहतो; तळहात फिरवला की वाळू हाताला लागते. अशा भिंतीवर कितीही उंची रंग लावा, तो सुट्या वाळूला धरून असतो आणि वाळूबरोबरच उतरतो.

मग हे मारलेलं पाणी बाहेर पडायला वेळ द्यायचा. 28 दिवस, हा साधा हिशेब. पण तो कोरड्या हवेचा. श्रावणात गिलावा झाला असेल आणि खिडक्यांना अजून काचांऐवजी पत्रे ठोकलेले असतील, तर तेवढे दिवस पुरत नाहीत. खिडक्या उघड्या ठेवा, पंखे लावा. एक हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आतून दव धरलं असेल तर रंगाऱ्याला परत पाठवा.

ओल बाहेर येते ती एकटी येत नाही. विरघळलेले क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं आणि भिंतीवर पांढरा लोणा फुटतो. तो कोरड्या ब्रशनं झाडायचा. ओल्या फडक्यानं पुसलात तर तो पाण्यात विरघळून पुन्हा आत जातो आणि आठवड्यानं परत दर्शन देतो. शिवाय सिमेंटमध्ये मोकळा चुना असतो. तेलाच्या रंगातलं तेल आणि हा चुना, ओलीच्या साक्षीनं एकत्र आले की भिंतीवर चक्क साबण तयार होतो. रंग चिकट होतो, मऊ पडतो, सोलून निघतो. म्हणून नव्या गिलाव्यावर तेलाचा रंग लावायचा तर महिनाभर नव्हे, काही महिने थांबावं.

चुना किती शिल्लक आहे याची खूण स्वयंपाकघरातच आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू त्यातूनच आलं. कपाटाच्या मागे जाणारा एखादा कोपरा निवडा, पाण्यात कालवलेली चिमूटभर हळद कापसानं तिथे लावा. गडद लाल झाली तर थांबा. नारिंगी झाक आली तर क्षाररोधक प्रायमरशिवाय पुढे जाऊ नका. ही मोजपट्टी नव्हे, नुसती खूण आहे, पण रंगाऱ्याच्या ‘होऊन जाईल साहेब’पेक्षा बरी.

आता एक गोष्ट, जी सगळे विसरतात. वायरिंगसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या. गिलावा झाल्यावर इलेक्ट्रिशियन येतो, भिंत फोडतो, नळ्या बसवतो आणि गवंडी त्या झिऱ्या शेवटी बुजवतो. म्हणजे भिंत दीड महिन्याची आणि त्यातले पट्टे आठ दिवसांचे! रंग दिल्यावर नेमके तेच पट्टे स्विचबोर्डापासून छतापर्यंत उमटून दिसतात. भिंतीचं वय मोजायचं ते या पट्ट्यांवरून.

कुणी म्हणेल, इटलीतले चित्रकार ओल्या गिलाव्यावरच रंगवत होते. बरोबर आहे. पण तो गिलावा चुन्याचा, रंग नुसते पाण्यात कालवलेले, आणि चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा होताना ते रंग स्वतःत बंद करून घेत असे. आजच्या डब्यातला रंग भिंतीवर पापुद्रा धरतो. मागून पाणी आलं की तो फुगतो. आपल्याकडे तर अजिंठ्यातली चित्रंही वाळलेल्या गिलाव्यावरच काढलेली आहेत. जुन्या नाशकात ज्यांचे चुन्याचे वाडे अजून उभे आहेत, त्यांनी त्या भिंतींना प्लास्टिक पेंट लावूच नये. तिथे चुनाच मारावा. ओल त्यातून आरपार जाते.

बाकीचं काम रंगाऱ्याला येतंच. पॉलिशपेपर, लांबी, पुन्हा पॉलिशपेपर, धूळ झाडणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. एवढं मात्र सांगतो: पांढऱ्या सिमेंटची पुट्टी किंचित ओलसर भिंतीला चालते, रंगाला ती ओल चालत नाही. पुट्टी लागली म्हणजे भिंत वाळली, हे ऐकून घेऊ नका. आणि निफाडकडच्या मंडळींनी पौष महिन्यात सकाळी लवकर ब्रश धरू नये. पारा 10 अंशांच्या खाली असताना पाण्याचा रंग नीट धरत नाही. ऊन वर येऊ द्या.

वास्तुशांत ठरल्या दिवशी जरूर करा, नुसत्या प्रायमर मारलेल्या भिंतींत करा. पाहुणे जेवायला येतात, भिंती बघायला नाही. आणि आजच गवंड्याला सांगा, प्रत्येक खोलीत दाराच्या वर पेन्सिलीनं गिलाव्याची तारीख लिहून ठेव, झिऱ्या बुजवल्याची वेगळी. रंगारी दर सांगायला आला की आधी त्याला ती तारीख दाखवा.