गाडी तापते, पण कधी?

(मस्कतमधील मराठी मंडळींसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी झाली की मस्कतची हवा जरा निवते आणि आपल्याकडे वहिबाच्या वाळूत नाहीतर जबल अख्दरवर जायचे बेत सुरू होतात. बऱ्याच जणांकडे जुनी डिझेल फोर बाय फोर आहे. मी गाड्यांच्या देखभालीचं काम करतो, म्हणून समितीने मला हा विषय दिला.

जुनं डिझेल इंजिन तापलं की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "हेड गेलं!" मग हेड उतरवतात, गॅस्केट बदलतात, भरपूर रियाल मोजतात, आणि पुढच्याच चढावर काटा पुन्हा वर. माझं सांगणं एवढंच, की पाना हातात घेण्याआधी गाडी *कधी* तापते ते नीट बघा. निम्मं निदान त्यातच होतं.

उदाहरणाला टोयोटा लँड क्रूझरचं ४.२ लिटरचं, सहा सिलिंडरचं वन-एचझी इंजिन घेऊ. १९९० पासूनचं हे इंजिन आपल्या भागातल्या पिकअपमध्ये खूप दिसतं.

पहिला प्रकार : गाडी उभी असताना किंवा वाळूत हळू चालताना तापते, हायवेवर मात्र ठीक. इथे संशय पंख्यावर घ्या. हायवेवर वारा आपोआप मिळतो, हळू चालताना सगळी भिस्त पंख्यावर. त्याच्या मधल्या क्लचमध्ये सिलिकॉन तेल असतं. ते गळालं की पंखा फिरताना दिसतो, पण जोर नसतो. इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हाताने फिरवा. गरम इंजिनावर तो अगदी सैल, भिंगरीसारखा फिरला तर क्लच गेला. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं जागेवर आहे का, तेही बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांत ते कुणीतरी काढून फेकलेलं असतं!

दुसरा प्रकार : हळू चालताना ठीक, पण हायवेवर किंवा लांब चढावर तापते. म्हणजे रेडिएटर पुरा पडत नाही, पाणी पुरेसं फिरत नाही, किंवा थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही. खालचा होजपाइप इंजिन रेस केल्यावर आत चपटतो का, तेही पाहा. मागाहून टर्बो बसवून पंपातून डिझेल वाढवलं असेल, तर जास्तीची उष्णता तिथूनच येते.

आमच्या एका मित्राची पिकअप बिरकत अल मौझहून सैकच्या पठाराकडे चढताना तापायची. गॅरेजवाल्याने हेडचंच निदान केलं होतं. आम्ही एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारली. खालचा अर्धा भाग माती, गवत आणि किड्यांनी गच्च भरलेला! समोरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. इंजिनाच्या बाजूने बाहेर असं साध्या पाइपने पाणी मारलं. जोराचा फवारा मारायचा नाही, जाळीच्या पात्या वाकतात. हेडला हातही लावावा लागला नाही.

तिसरा प्रकार मात्र खरंच हेडचा. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होजपाइप दगडासारखा कडक झाला, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले, बाहेर गळती नसताना पाणी कमी होत राहिलं, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. पाण्यावरची हवा निळ्या द्रवातून ओढायची चाचणी गॅरेजमध्ये करून घ्या. रंग बदलला तर खात्री झाली. मग हेड उघडा, पण त्याआधी नाही.

रेडिएटरच्या कॅपला कमी लेखू नका. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण कॅपने ०.९ बार दाब धरला की ते सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं की हा फायदा जातो, आणि कॅप म्हणजे सगळ्यांत स्वस्त पार्ट!

डॅशबोर्डच्या काट्यावरही डोळे मिटून विश्वास नको. अनेक गाड्यांत तो मधल्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वर गेलेला काटा एकदम खाली आला तर आनंद मानू नका. कदाचित पाणीच संपलंय आणि सेन्सर कोरडा पडलाय. अंश दाखवणारा वेगळा मीटर बसवून घेणं उत्तम.

आता वाळूत काटा चढलाच तर काय करायचं? एसी बंद, हीटर पूर्ण चालू. गाडीचं नाक वाऱ्याकडे करा, कारण वारा मागून असला की रेडिएटरला हवा मिळत नाही. पाणी गळत नसेल तर इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवा. होजपाइप फुटला असेल तर ताबडतोब बंद. गरम कॅप अजिबात उघडायची नाही, चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही, हेड तडकू शकतं. आणि प्यायचं पाणी रेडिएटरसाठी धरू नका, त्याचे कॅन वेगळे. एकटी गाडी वाळूत नेऊ नका. बायकामुलं बरोबर असताना प्रश्न इंजिनाचा राहत नाही, माणसांचा होतो.

तेव्हा गाडी पुढच्या वेळी तापली तर एका कागदावर लिहून काढा : वेग किती, चढ की सपाट, एसी चालू की बंद, थंड असताना की तासाभराने. तो कागद कुठल्याही मेकॅनिकपुढे ठेवा. भाषा येत नसली तरी त्याला तो कळेल, आणि तुमचं हेड विनाकारण उघडलं जाणार नाही.

आता तुमचे प्रश्न येऊ देत.