शिक्षकाची सेवा आणि शाळेशी नाते



आम्ही बँकवाले बदलीला सरावलेलो. गाव बदलले तरी खतावणी तीच. शिक्षकाचे तसे नाही. आपल्या वाडीत गोदामे, ट्रान्सपोर्ट. बाप ट्रकवर गेला की पोरगा शाळा का बुडवतो, हे नव्या गुरुजींना पहिल्या वर्षी कसे कळावे? ७ एप्रिल २०२१ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदलीसाठी सर्वसाधारण क्षेत्रात १० वर्षे व त्याच शाळेत ५ वर्षे सेवा धरली. पण वर्षांनीच शाळा आपली होते असेही नाही. वीस वर्षांत वस्तीत पाऊल न टाकलेले शिक्षक मी पाहिले, आणि दुसऱ्याच वर्षी घरोघरी ओळखले जाणारेही. म्हणून पालकांनीच नव्या शिक्षकाला पहिल्या महिन्यात चहाला बोलवावे. माझ्याकडे येत्या रविवारी दोघे येत आहेत.